अमेरिकी चित्रकार मार्क ब्रॅडफर्डसारखे कागदाचे थर: सँडर (घासायचं मशीन) लावला की सोलून निघतात

कोपरीकर
३ बाय ४ फुटाचा ६ मिमी प्लाय, त्यावर फेव्हिकॉलने कागदाचे १२ थर, मध्ये सुतळी (नंतर ओढून चर पाडायला). सँडर फिरवला की कागदाच्या गुठळ्या होतात आणि खालचे रंग दिसायच्या ऐवजी सगळं राखाडी. प्लायही वाकलाय. ब्रॅडफर्ड वरून रंग लावतो का?

थरावरथर
गुठळ्या म्हणजे आतला गोंद ओला आहे. वरून कोरडा लागला तरी सँडरच्या उष्णतेने फेव्हिकॉल मऊ पडतो आणि पॉलिश पेपर भरतो. पावसाळ्यात दर थराला एक दिवस द्या, शेवटच्या थरानंतर चार-पाच दिवस. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, १५० ने शेवट. मशीनवर जोर नको, एका जागी थांबवायचंही नाही. राखाडी रंग वर्तमानपत्रांचा. ती शाई घासली की सगळीकडे पसरते.

प्लाय वाकणारच, कागद एकाच बाजूने आकसतोय. मागेही दोन-तीन थर चिकटवा. पुढच्या वेळी १२ मिमी घ्या.

ऐरोली_स्टुडिओ
रंग मुख्यतः कागदाचाच. म्हणून कुठला थर कुठे, हे आधी वहीत लिहून ठेवायचं. घासायला घेतल्यावर ठरवून उपयोग नाही.

ब्रॅडफर्डचा कागद कुठून आला तेही बघा. जन्म १९६१, लॉस एंजेलिस. आईच्या सलूनमध्ये तो केस करायचा. पर्म करताना, म्हणजे केस कुरळे करताना, केसांच्या टोकांना गुंडाळतात ते पातळ, स्वस्त कागद. त्यांच्या कडा जाळून सुरुवातीची कामं झाली. कॅलआर्ट्स या कला महाविद्यालयातून १९९५ ला पदवी, १९९७ ला पदव्युत्तर. पुढे वस्तीतल्या भिंतींवरची छोट्या धंद्यांची पोस्टर्स आली. २००९ ला मॅकआर्थर फेलोशिप, २०१७ ला व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेचं दालन. सलूनचा कागद आपण आणला तर ती नुसती नक्कल.

कोपरीकर
मग स्टेशनबाहेरचे बॅनर चालतील?

थरावरथर
नाही! ते फ्लेक्स, म्हणजे पीव्हीसी. फेव्हिकॉल धरत नाही आणि घासल्यावर प्लास्टिकची धूळ नाकात. क्लासची, 'रूम भाड्याने'ची ऑफसेटवर छापलेली पत्रकं रद्दीवाल्याकडून घ्या. इंकजेट प्रिंट नको, ओल्या गोंदात शाई फुटते.

आणि सुतळीही नको. ती गोंद पिते आणि ओढताना तुटते. नायलॉनची दोरी घाला, टोक बाहेर ठेवा, वरचे थर किंचित दमट असतानाच ओढा. चर फाटक्या कडांचा येतो, तोच हवाय.