हायकूवर फाइली शोधण्यासाठी भरवशाची युटिलिटी कोणती? मदत हवी आहे

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार. हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांनी फाइली शोधण्यासाठी आपली आवडती युटिलिटी कोणती, ते कृपया लवकर सांगावे. सिस्टिमसोबत येणारी शोधाची खिडकी माझ्याकडे चालत नाही आणि तिच्यावर आता आणखी वेळ घालवण्याची माझी तयारी नाही.

माझ्याकडे सुमारे 2,300 स्कॅन केलेले कागद आहेत. प्रत्येक फाइलवर 'विषय' आणि 'वर्ष' अशी दोन अ‍ॅट्रिब्यूट (फाइलसोबत जपली जाणारी जादा माहिती) मी स्वतः, महिनाभर रात्री बसून भरली आहेत. नावाने शोधले तर फाइल तत्काळ सापडते, म्हणजे फाइली जागेवर आहेत. पण विषयाने शोधले की खिडकी कोरी करकरीत. हायकूडेपो या प्रोग्रामच्या भांडारातून दोन-तीन गोष्टी उतरवून पाहिल्या, त्यांनाही फक्त नावच कळते. 'दुसरी सिस्टिम घ्या' हा सल्ला कृपया देऊ नये, तो मला घरातही मिळतो.

खटपट्या

क्विकलाँच बसवा. एका कळजोडीवर त्याची छोटी पट्टी उघडते, प्रोग्रामच्या नावाची दोन अक्षरे टंकली की यादी आवळत जाते आणि एंटर दाबला की काम झाले. त्याच्या जोडीला क्लिपडिंगर घ्या, म्हणजे क्लिपबोर्डवर आधी कॉपी केलेला मजकूरही हाताशी राहतो. या दोन युटिलिटींशिवाय मी हायकू वापरूच शकत नाही.

जुनी_फ्लॉपी

खटपट्या, त्यांना प्रोग्राम नव्हे, फाइली शोधायच्या आहेत आणि त्याही अ‍ॅट्रिब्यूटवरून.

अर्धविराम, तुम्ही बरेच काही गृहीत धरून लिहिले आहे, म्हणून विचारतो. आवृत्ती कोणती, 32 बिट की 64 बिट? फाइली ज्या पार्टिशनवर आहेत ते बीएफएस (हायकूची स्वतःची फाइल सिस्टिम) आहे का? 'विषय' या अ‍ॅट्रिब्यूटचा इंडेक्स (शोधासाठी लागणारी सूची) केला आहे का, आणि केला असल्यास केव्हा?

अर्धविराम

बीटा 5, 64 बिट. फाइली होम फोल्डरमध्ये आहेत, तेव्हा बीएफएस असणारच. इंडेक्स नवीन मशीनवर आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी केला आहे. मी अगदीच नवशिका नाही. मूळ प्रश्न युटिलिटीचा आहे, कृपया त्यावर बोलावे.

कळफलक

टर्मिनल उघडा, ग्रेप चालवा, विषय संपला. खिडक्यांच्या नादाला लागूच नये.

शून्यप्रहर

कळफलक, ग्रेप फाइलच्या आतला मजकूर वाचतो. यांच्या फाइली स्कॅन केलेली चित्रे आहेत. त्यांत मजकूरच नाही, आणि अ‍ॅट्रिब्यूट फाइलच्या मजकुरात नसतात, ती फाइल सिस्टिम वेगळी सांभाळते.

अर्धविराम, तुमच्या उत्तरातले 'दुसऱ्याच दिवशी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बीएफएसमध्ये इंडेक्स तयार केल्यानंतर जी अ‍ॅट्रिब्यूट लिहिली जातात, तेवढीच त्या इंडेक्समध्ये नोंदली जातात. आधीपासून डिस्कवर असलेल्या फाइलींची दखल तो आपण होऊन घेत नाही. नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांचे इंडेक्स पार्टिशन फॉरमॅट होतानाच तयार होतात, म्हणून नावाचा शोध चालतो आणि विषयाचा चालत नाही. यावर उपाय म्हणजे रिइंडेक्स ही आज्ञा: तिला अ‍ॅट्रिब्यूटचे नाव आणि फोल्डर द्यावे, आणि आतल्या फोल्डरांतही उतरण्यासाठी आर हा पर्याय लावावा. ती प्रत्येक फाइलवरचे अ‍ॅट्रिब्यूट वाचून पुन्हा लिहिते, त्यामुळे ते इंडेक्समध्ये येते. (आज्ञा टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत लिहायच्या आहेत.)

कळफलक

म्हणजे शेवटी टर्मिनलच.

खटपट्या

टेक्स्टसर्च नावाचे ट्रॅकरचे (फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामचे) जोडकामही आहे. फोल्डरवर राइट क्लिक केले की मिळते, टर्मिनलची गरज नाही.

शून्यप्रहर

तेही मजकूरच शोधते.

अर्धविराम

रिइंडेक्स चालवले. क्षणात संपले, काहीही तक्रार आली नाही, आणि शोधाची खिडकी पूर्वीइतकीच कोरी आहे. आता तरी एखादी युटिलिटी सुचवावी.

तिसरी_खिडकी

शोधाच्या खिडकीत अ‍ॅट्रिब्यूटनुसार शोधताना तुमचे 'विषय' त्या यादीत दिसते का? फाइलटाइप्स या सेटिंगमध्ये त्या प्रकारच्या फाइलीला ते अ‍ॅट्रिब्यूट जोडलेले नसेल, तर यादीत ते येणार नाही आणि ट्रॅकरमध्ये त्याचा स्तंभही दाखवता येणार नाही. शिवाय सूत्र लिहून शोधत असाल तर लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी धरली जातात, तेही पाहावे.

जुनी_फ्लॉपी

2,300 फाइलींचे काम क्षणात संपले, हीच शंकेची गोष्ट आहे. इकडेतिकडे न जाता एक फाइल घ्या, तिच्यावर लिस्टअ‍ॅटर ही फाइलवरची अ‍ॅट्रिब्यूट दाखवणारी आज्ञा चालवा आणि जे दिसेल ते जसेच्या तसे इथे लिहा.

अर्धविराम

फक्त एक ओळ आली. प्रकार माइम स्ट्रिंग, नाव बीईओएस:टाइप. बाकी काही नाही. माझे विषय आणि वर्ष कुठे गेले? जुन्या मशीनवर ट्रॅकरमध्ये त्यांचे स्तंभ रोज डोळ्यांसमोर होते.

जुनी_फ्लॉपी

जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर फाइली कशा आणल्या?

अर्धविराम

पेनड्राइव्हवर, आणखी कशा आणणार? सगळ्या फाइली नीट उघडतात. कॉपी करताना पडद्यावर काही आले असल्यास माझे लक्ष नव्हते.

जुनी_फ्लॉपी

पेनड्राइव्ह दुकानातून आणल्यावर आहे तसाच वापरला असणार, म्हणजे एफएटी ही फाइल सिस्टिम. एफएटीमध्ये या अ‍ॅट्रिब्यूटना जागाच नाही. फाइल तिथे पोहोचली तेव्हा तिचा मजकूर तेवढा पोहोचला आणि विषय, वर्ष वाटेतच गळले. नव्या मशीनवर जी एक ओळ दिसते ती सिस्टिमने फाइलचा प्रकार ओळखून स्वतः लिहिलेली आहे. जे मुळात नाहीच, ते रिइंडेक्स कुठून आणणार? तुमच्या शोधाच्या खिडकीत काहीही बिघाड नाही. ती खरे तेच सांगत आहे.

जुनी डिस्क अजून शाबूत आहे का? उत्तर देईपर्यंत तिच्यावर काहीही पुसू नका.

अर्धविराम

शाबूत आहे. जुने मशीन (बीटा 4) आत्ता चालू करून पाहिले, स्तंभ जागच्या जागी आहेत. पुढच्या रविवारी ती डिस्क पुसून मशीन देऊन टाकणार होतो.

आता फाइली कशा आणू?

तिसरी_खिडकी

झिप करा. हायकूवरचे झिप अ‍ॅट्रिब्यूट सोबत बांधते आणि अनझिप ती परत लावते, त्यामुळे मधला पेनड्राइव्ह एफएटीचा असला तरी बिघडत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून जोडकामांच्या मेनूतून झिपओमॅटिक निवडले तरी चालेल. टार (फाइली एकत्र बांधणारी दुसरी आज्ञा) मात्र वापरू नका. मी एकदा सगळी टपाले टार करून ठेवली आणि जुने पार्टिशन फॉरमॅट केले. हायकूत प्रत्येक टपाल ही एक वेगळी फाइल असते आणि पाठवणारा, विषय, वाचले की नाही हे सारे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असते. टार उलगडल्यावर फाइली सगळ्या होत्या, पण ट्रॅकरमध्ये पाठवणाऱ्याचा स्तंभ वरपासून खालपर्यंत रिकामा. तो रिकामा स्तंभ मी अजून विसरलेलो नाही.

आणि आधी नव्या मशीनवर इंडेक्स असू द्या, मग झिप उलगडा. इंडेक्स आधी असल्यास उलगडताना नोंदी आपोआप होतात, रिइंडेक्सची गरज पडत नाही. दोन्ही इंडेक्स केले आहेत ना? 'वर्ष' आकड्याच्या प्रकाराने भरले असेल तर एमकेइंडेक्स या इंडेक्स करणाऱ्या आज्ञेला प्रकारही सांगावा लागतो. न सांगितल्यास ती मजकूर धरते.

शून्यप्रहर

झिपचा उपद्व्याप कशाला? ड्राइव्हसेटअप (डिस्क फॉरमॅट करण्याचा प्रोग्राम) उघडून पेनड्राइव्हच बीएफएसमध्ये फॉरमॅट करा आणि ट्रॅकरने सरळ कॉपी करा. अ‍ॅट्रिब्यूट जशीच्या तशी येतात.

तिसरी_खिडकी

आणि मग तो पेनड्राइव्ह बाकीच्या जगासाठी निकामी होतो. झिप फाइल कुठेही ठेवता येते, तीच पुढे बॅकअप म्हणूनही राहते.

शून्यप्रहर

बॅकअपचा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. त्यांना एकदाच एका हायकूवरून दुसऱ्या हायकूवर जायचे आहे. बांधा, न्या, उलगडा, त्यापेक्षा एक कॉपी बरी.

तिसरी_खिडकी

विचारलेला नाही हे खरे, पण ज्याचे महिनाभराचे काम पेनड्राइव्हवर गळून पडले, त्याला बॅकअपबद्दल न विचारता सांगावेच लागते.

खटपट्या

बॅकअपचा विषय निघालाच आहे तर फायलर पाहावे. ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे ते फाइली आपोआप योग्य फोल्डरमध्ये हलवते. डाउनलोडचे फोल्डर कायम मोकळे राहते.

कळफलक

फायलर म्हणजे बॅकअप नव्हे.

अर्धविराम

झिप केले. पण पेनड्राइव्हवर नेताना मध्येच थांबले. जागा भरपूर मोकळी आहे.

जुनी_फ्लॉपी

झिपचा आकार किती झाला?

अर्धविराम

5 जीबीच्या थोडा वर. तो सांगायला हवा होता, हे आता लक्षात आले.

जुनी_फ्लॉपी

एफएटी 32 मध्ये एकच फाइल 4 जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही, मग पेनड्राइव्ह कितीही मोकळा असो. एकतर वर्षांप्रमाणे दोन झिप करा, किंवा शून्यप्रहर म्हणतात तसे बीएफएस करा. तुमच्या जागी मी असतो तर बीएफएसच केले असते, कारण तुमचा धीर किती उरला आहे ते दिसते आहे. ड्राइव्हसेटअपमध्ये डिस्क निवडताना मात्र आकार दोनदा वाचा. तिथे जुन्या मशीनची डिस्कही त्याच यादीत असते.

अर्धविराम

बीएफएस केला, फाइली पेनड्राइव्हवर आल्या. पेनड्राइव्ह नव्या मशीनला लावला, एका फाइलवर लिस्टअ‍ॅटर चालवले, तीन ओळी आल्या. मात्र होममध्ये टाकण्याआधी एक अडचण. पेनड्राइव्हवरून सगळ्या फाइली होममधल्या फाइलींवर टाकल्या तर गेल्या तीन दिवसांतले काम जाईल. नव्या मशीनवर मी साधारण 60 स्कॅन वाकडे होते म्हणून सरळ करून, कडा कापून त्याच नावाने जतन केले आहेत. हे आधी सांगितले नाही, कारण त्याचा शोधाशी संबंध आहे असे वाटले नव्हते.

शून्यप्रहर

मग त्या 60 फाइलींपुरते कॉपीअ‍ॅटर वापरावे. ती आज्ञा एका फाइलवरची अ‍ॅट्रिब्यूट दुसऱ्या फाइलवर लावते आणि मजकुराला हात लावत नाही. मजकूरही हवा असेल तरच डी हा पर्याय द्यावा लागतो, तो इथे द्यायचा नाही. आधी पेनड्राइव्हवरच्या फाइलीचा मार्ग, नंतर होममधल्या फाइलीचा. पहिल्यांदा एकाच फाइलीवर करून पाहावे: चित्र सरळ राहिले आहे का आणि लिस्टअ‍ॅटरमध्ये विषय दिसतो का. दोन्ही जमले तर उरलेल्या फाइलींसाठी टर्मिनलमध्ये छोटे चक्र (एकच आज्ञा प्रत्येक फाइलीवर चालवणारे) लिहिता येईल. त्या 60 फाइली आधी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे बाकीच्या बिनधास्त ट्रॅकरने बदलता येतील. कोणत्या 60, हे शोधायला शेवटच्या बदलाची वेळ वापरा. तो इंडेक्स तुमच्याकडे पहिल्यापासून चालू आहे.

कळफलक

चक्र मी लिहून देतो. फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा आहेत का, तेवढे सांगा, नाहीतर अवतरणचिन्हे राहून जातात आणि मग शिव्या टर्मिनलला बसतात.

अर्धविराम

आहेत. प्रत्येक नावात आहेत.

अर्धविराम

कळफलक यांचे चक्र चालले. ते चालवण्याआधी शोधाच्या खिडकीत एक विषय टाकून निकालाची कोरी खिडकी तशीच उघडी ठेवली होती. चक्र सुरू झाले आणि त्या खिडकीत एक फाइल आली, मग दुसरी, मग चार एकदम. मी कळफलकाला हातही लावला नव्हता. नंतर बाकीच्या फाइली ट्रॅकरने टाकल्या तेव्हा यादी इतक्या वेगाने वाढली की वाचता आली नाही. निकालाची खिडकी जिवंत असते हे वाचले होते, पण माझ्या खिडकीत कधी काही आलेच नव्हते, त्यामुळे पाहिले नव्हते. त्या विषयाच्या 412 फाइली निघाल्या. सरळ केलेले स्कॅन सरळच आहेत.

जुने मशीन अजून पंधरा दिवस तरी कोणाला देत नाही.

जुनी_फ्लॉपी

तो शोध जपून ठेवायचा असेल तर शोधाच्या खिडकीतल्या पर्यायांत 'तात्पुरता' ही खूण काढा. ती राहिली तर सात दिवसांनी क्वेरीची (म्हणजे त्या शोधाची) फाइल पुसली जाते आणि तुम्ही पुन्हा एक धागा काढाल.

तिसरी_खिडकी

आणि वेळ मिळेल तेव्हा वर्षांप्रमाणे दोन झिप कराच.

खटपट्या

क्विकलाँच बसवले की नाही, ते धागाकर्त्यांनी सांगितलेच नाही.

अर्धविराम

बसवले. ड्राइव्हसेटअप उघडताना त्याचाच उपयोग झाला.