ओकर कोर्टमध्ये खरंच मुली राहायच्या का?

प्रश्न: अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या ओकर कोर्टचे फोटो बघत बसलेय, समुद्राकाठी केवढा तो दगडी महाल, तीन मजले उंच हॉल, रंगवलेलं छत, आणि म्हणे इथे कॉलेजच्या मुली राहायच्या?

प्रतिसाद १: हो खरंय. ऑग्डन गोएलेट या धनाढ्य माणसाने रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुरचनाकाराकडून बांधून घेतला, १८९२ मध्ये पूर्ण झाला. १९४७ मध्ये घरच्यांनी तो सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक नन्सच्या संघाला दिला आणि साल्व्हे रेजिना हे मुलींचं कॉलेज तिथेच सुरू झालं, शिकणं राहणं सगळं त्याच इमारतीत.

प्रतिसाद २: मला हे फारच आवडतं, फक्त उन्हाळ्यापुरतं बांधलेलं घर पोरींनी वर्षभर नांदतं ठेवलं! आता तिथे ऑफिसं आहेत, पण महाल शाबूत आहे हे महत्त्वाचं.