सुटल्या, सोडल्या की सोडवल्या?

जुळे सोलापूर: नववीतल्या लेकीला भाषांतराला उतारा दिला होता. काबूलमध्ये आगा खान फाउंडेशन या मदतसंस्थेचं काम करणाऱ्या भारतीय ज्युडिथ डिसूझांना जून 2016 मध्ये पळवून नेलं, जुलैत त्या परतल्या. लेकीनं लिहिलं 'त्या सुटल्या'. मी केलं 'त्यांना सोडवलं'. सासूबाई म्हणतात, 'सोडलं असंल की!' कोण बरोबर?

बाळीवेस: तिघीही बरोबर, पण वाक्यं तीन वेगळी. 'सुटल्या'त दुसरं कुणी दिसतच नाही. 'सोडलं'मध्ये कर्ता पळवणारा. 'सोडवलं' म्हटलं की तिसरा लागतो, म्हणजे सरकार. म्हणूनच सरकारी पत्रकांना 'सुटका झाली' फार प्रिय. अफगाणिस्तानातल्याच हेरातहून जून 2014 मध्ये पळवलेले भारतीय धर्मगुरू फादर प्रेमकुमार फेब्रुवारी 2015 मध्ये परतले, त्यांचीही 'सुटका झाली'. 'सोडवणूक केली' लिहा, लगेच कुणीतरी विचारणार, कशाच्या बदल्यात?

होटगी रोड: बदल्यात म्हणजे खंडणी. पूर्वी ती एक राज्य दुसऱ्या राज्याला द्यायचं, आता गल्लीतला गुंडही मागतो. अतिरेक्यांच्या हाती असा पैसा पडू देऊ नका, असं सुरक्षा परिषदेनं 2014 च्या ठराव 2133 मध्ये सगळ्या देशांना सांगितलं आहे. मग कबूल कोण करेल?

जुळे सोलापूर: आणि त्या 'ओलीस' होत्या म्हणायचं का?

बाळीवेस: हो, पण 'ओलीस धरलेल्या'. 'ठेवलेल्या' नको. जुन्या व्यवहारात ओलीस देणारा स्वतः ठेवायचा, शब्द पाळण्याची हमी म्हणून. 1779 मध्ये वडगावच्या तहाच्या वेळी इंग्रजांनी आपली दोन माणसं मराठ्यांकडे अशीच ठेवली. तिथे आपला माणूस कुणाच्या शब्दावर अडकलाय हे सरकारला पक्कं ठाऊक असे. आज औषधं वाटायला गेलेल्याला कुणी हमी म्हणून ठेवलेलं नसतं.

(बातमीत अशा माणसाला 'मदतनीस' लिहितात, तेही खटकतं. आपल्याकडे मदतनीस म्हणजे अंगणवाडीतल्या ताई. कोटणीस डॉक्टर 1938 मध्ये सोलापूरचे चीनला गेले, त्यांना कुणी मदतनीस म्हटलं असतं का?)

होटगी रोड: 1979 चा ओलीसविरोधी आंतरराष्ट्रीय करार पाहा. ज्या देशाच्या हद्दीत माणूस धरला, त्यानं सुटकेसाठी 'योग्य वाटतील' ती सगळी पावलं उचलायची. 'वाटतील' हा शब्द मुत्सद्द्यांनीच घालावा!

जुळे सोलापूर: सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'सोडवलं म्हणा, पण कुणी ते बी लिवा की.' लेकीनं आता 'सोडवून आणलं' असं केलंय.

बाळीवेस: झकास. सोडवायचं त्या देशानं, आणायचं आपण. मधल्या 'ऊन'मध्ये दोन्ही सरकारं आली. पैकीच्या पैकी गुण द्या तिला.