मदत हवी आहे: जुन्या काचेच्या बरण्या ओळखायच्या आहेत (मेसन, बॉल, लाइटनिंग)

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, इंडियाना राज्यात, मन्सी गावाजवळ राहतो. शेजारच्या आजी घर विकून मुलाकडे राहायला गेल्या. जाताना तळघरातलं बरण्यांचं एक खोकं मला देऊन गेल्या. मी लोणची घालते हे त्यांना माहीत आहे. धुवायला काढल्यावर लक्षात आलं की सगळ्या साध्या बरण्या नाहीत. एखादी खरोखर मोलाची असेल तर ती त्यांच्या घरात परत जायला हवी, म्हणून विचारते आहे.

बऱ्याचशा फिकट निळ्या आहेत. त्यांवर तिरक्या अक्षरात ‘बॉल’, त्याखाली रेघ आणि मग ‘परफेक्ट मेसन’. तळाला ८ आकडा आहे. जस्ताचं झाकण, आत पांढऱ्या काचेची चकती. दुसरी निळसर हिरवी, तिच्यावर ‘मेसन्स पेटंट नोव्हेंबर ३०, १८५८’. तशीच अक्षरं असलेली आणखी एक आहे, पण रंग शाईसारखा गडद निळा. एक अगदी हलकी जांभळी. शेवटची मधाच्या रंगाची, काचेचं झाकण तारेच्या खटक्याने दाबून बसवायचं, तळाला ‘पटनम’.

१८५८ म्हणजे खरंच तेवढी जुनी का? आणि यातल्या कुठल्या वापरता येतील?

जुनी_काच: १८५८ हे पेटंटचं साल, बरणीचं नव्हे. जॉन लँडिस मेसन हा पत्र्याचं काम करणारा कारागीर. बरणीच्या गळ्याला आटे पाडून फिरकीचं झाकण बसवायची त्याची युक्ती त्या तारखेला नोंदली गेली. पेटंटची मुदत १८७९ मध्ये संपली आणि मग कितीतरी कारखान्यांनी तीच ओळ उठवून पुढची अनेक वर्षं बरण्या काढल्या. त्यामुळे तारीख सोडा, तोंड बघा. झाकण काढून कडेवरून बोट हळूच फिरवा. हाताने फुंकलेल्या बरणीचा वरचा भाग तोडून कड घासून सपाट करत, ती खरखरीत लागते, बारीक टवके उडालेले असतात. यंत्राची कड गुळगुळीत आणि गोलसर असते.

तळाचा ८ हा साच्याचा क्रमांक. १३ आकड्याच्या बरण्या अपशकुनी म्हणून लोक फोडत, म्हणून त्या दुर्मीळ, अशी गोष्ट सांगून विकणारे भेटतील. पैसे देऊ नका. नावाखाली रेघ असलेली बॉलची मोहर साधारण १९२३ ते १९३३ची. हा निळा रंग १९३७च्या सुमारास बंद झाला. या बरण्या काढणारे बॉल बंधू भट्ट्यांना लागणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी बफेलोहून १८८७ मध्ये तुमच्या मन्सीलाच आले, त्यामुळे त्या भागात या बरण्या घरोघरी सापडतात. सुंदर आहेत, पण महाग नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार. आत्ताच तपासलं. हिरवटची कड खरखरीत आहे, जांभळीचीही. गडद निळीची मात्र एकदम गुळगुळीत.

काचवेडा: मग गडद निळी ही नंतरची नक्कल आहे. १८५८ची ओळ, कोबाल्टचा रंग आणि गुळगुळीत कड एकत्र दिसली की शंका ठेवायची गरज नाही. फुलं ठेवायला छान.

जांभळी खरी वाटते. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट झाक येते, ती घालवायला मँगनीज घालत. साधारण पहिल्या महायुद्धापर्यंत ही पद्धत चालली. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हलकी जांभळी होते. हल्ली भाव वाढवायला किरणोत्साराने काच गडद जांभळी करून विकतात आणि चांगल्या बरण्यांची कायमची नासाडी करतात, याचा मला फार राग येतो. तुमची हलकी आहे, तिला तशीच राहू द्या.

आता मधाळ बरणी. तारेच्या बुचाचं पेटंट १८७५चं, शार्ल डी क्विलफेल्ड यांचं. हेन्री पटनमने हक्क विकत घेतले आणि १८८२च्या सुमारास तीच युक्ती रुंद तोंडाच्या बरणीला लावली. ही ‘लाइटनिंग’ फिकट निळसर रंगात भरपूर मिळते, मधाळ रंगात कमी. आजींच्या मुलाला आधी हीच दाखवा.

वापराबद्दल: उकळत्या पाण्यात ठेवून पदार्थ हवाबंद करायला यातली एकही घेऊ नका, जुनी काच तडकते. लोणच्यालाही नको. आंबट पदार्थ जस्ताला लागू नये म्हणूनच १८६९ मध्ये लुईस बॉइडने झाकणात ती पांढरी चकती आणली, आणि जुनी चकती बहुधा तडकलेली असते. बॉलच्या बरण्यांत डाळी, साबुदाणा खुशाल भरा.

मूळ प्रश्नकर्ती: मधाळ बरणीची तार गंजली आहे. नवी लावून देऊ का त्यांना?

काचवेडा: मुळीच नको. मूळ तार असली तर संग्राहक जास्त भाव देतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा, खटका जोर लावून उघडू नका. आतला पांढरा थर कोमट पाणी आणि व्हिनेगरने जातो का बघा. मग तळाचा आणि तोंडाचा जवळून फोटो इथे टाका.