अनुभव धागा : क्लॅन विरुद्ध इनर स्फिअर, पारडी समान कशी ठेवायची?

हिटसिंक
मेकवॉरिअर ऑनलाइन या मेकच्या (माणूस आत बसून चालवतो त्या लढाऊ यंत्रमानवांच्या) ऑनलाइन खेळातल्या ड्रॉप डेकचे, म्हणजे एका खेळाडूने लढाईत आणायच्या ४ मेकच्या संचाचे, जुने तक्ते आज हाती लागले आणि क्लॅन व इनर स्फिअर या दोन बाजूंत बरोबरी कशी ठेवायची तो वाद पुन्हा आठवला. किस्से नकोत, हिशेब लिहा.

सुरुवात माझी. क्लॅनची हत्यारं हलकी. इनर स्फिअरचा एलआरएम-२० (लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा लाँचर) १० टनांचा, क्लॅनचा ५. डबल हिटसिंकला (मेक थंड ठेवणारा भाग) क्लॅनकडे २ स्लॉट, म्हणजे मेकमधल्या जागा, इनर स्फिअरकडे ३. हलकं एक्सएल इंजिन लावलं असेल तर एक साइड टॉर्सो (धडाची एक बाजू) उडाला की इनर स्फिअरचा मेक जागीच आडवा, क्लॅनचा लंगडत का होईना पण लढतो. भरपाई म्हणून क्लॅनच्या ऑटोकॅनन तोफेचा गोळा तुकड्यातुकड्यांनी सुटतो, लेझर जास्त वेळ निशाण्यावर धरावा लागतो, ऑम्निमेक या क्लॅनच्या खास मेकचं इंजिन बदलता येत नाही. म्हणजे हत्यार तगडंच, पण वापरायला अवघड. नुसते डॅमेजचे आकडे कापत बसलं की दोन्ही बाजू सारख्याच होतात, मग बाजू निवडायची कशाला?

लंगडा अ‍ॅटलस
लाइट फ्यूजन हे तिसरं इंजिन विसरलात. त्यात इनर स्फिअरवालाही एक टॉर्सो गमावून जगतो. वजन मात्र एक्सएलच्या दीडपट.

तीनशेपाच
क्लॅनचे १० खेळाडू वि. इनर स्फिअरचे १२ करा म्हणणारे येतीलच, आधीच लिहितो. हा खेळ ज्यावरून आला त्या टेबलवरच्या खेळात क्लॅनची तुकडी म्हणजे स्टार ५ मेकचा, इनर स्फिअरची तुकडी म्हणजे लान्स ४ ची, म्हणून २ स्टार वि. ३ लान्स. कागदावर छान. पण १० जणांत एकाचं नेट गेलं की दहावा हिस्सा गेला. शिवाय भारी मेक सगळ्यांनाच हवे असतात, त्यामुळे जिथे १० लागतात तिथे गर्दी आणि १२ लागतात तिथे शुकशुकाट. रांग हलतच नाही.

हिटसिंक
+१. म्हणून टनेज, म्हणजे ड्रॉप डेकच्या एकूण वजनाची मर्यादा बदलणं बरं.

तीनशेपाच
हो, पण जपून. प्रत्येकाला ४ मेक आणि २४० टन म्हणजे सरासरी ६०. एका बाजूच्या प्रत्येकाला ५ टन जास्त दिले की ५५ टनांचा मिडियम (मधल्या वजनाचा मेक) काढून ६० चा हेवी बसतो. १२ जणांचे मिळून ६० टन झाले! एका वेळी ५ च्या वर हलवू नये, आणि मग थोडे दिवस नुसतं बघावं. रोज खुंटी पिळली तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

रडारराणी
टनेजने वजन मोजता येतं, खेळणाऱ्याचं कसब नाही. मुरलेलं युनिट (खेळाडूंचा गट) त्या बाजूशी केलेला करार संपला की जिंकणाऱ्या बाजूला जातं, अख्खंच्या अख्खं. बोनस कमी गर्दीच्या बाजूला द्या, आणि बाजू बदलल्यावर काही दिवस परत फिरता येऊ नये.

टीमवर्कचं मूळ बक्षिसात आहे. पैसे फक्त डॅमेजला मिळाले तर लोक मागे उभे राहून एलआरएमचा पाऊस पाडतात. चारी अंगावर ओरखडे, आकडा मोठा, शत्रू जिवंत. नेमका सेंटर टॉर्सो (धडाचा मधला भाग, तो गेला की मेक संपला) फोडणाऱ्याचा आकडा लहान दिसतो. टॅग आणि नार्कने शत्रूवर खूण करणं, स्पॉटिंग (शत्रू टीमला दाखवून देणं), लान्ससोबत राहणं यांनाही मोबदला हवा.
बाकी नंतर, पोरगं उठलं.

नवाभिडू
व्हॉइस चॅटवर टीममधलं कोणी ऐकतच नाही. काय करायचं?

लंगडा अ‍ॅटलस
कीबोर्डवर आर दाबा! टार्गेट धरलं तरच ते टीमला दिसतं. मग टार्गेटचं अक्षर आणि फोडायचा भाग, एवढंच बोला : "ब्राव्हो, उजवा टॉर्सो." भाषण नको. आणि नासकार (गाड्यांच्या शर्यतीसारखं गोल पळणं) थांबवा. सगळे डोंगराभोवती गोल पळतात, मागे राहतात अ‍ॅसॉल्ट, म्हणजे सगळ्यात जड मेक. १०० टनांवर ३०० चं इंजिन म्हणजे ताशी ४८.६ किमी, तो कसा पळणार? सुरुवातीलाच सांगा, सगळ्यात हळू मेकच्या चालीने चाला.

नवाभिडू
वेगाचं सूत्र काय?

लंगडा अ‍ॅटलस
इंजिनचा आकडा × १६.२ ÷ मेकचे टन.

गंजलेला
मग अर्बनमेक (कचराकुंडीसारखा दिसणारा ३० टनांचा छोटा मेक) : ६० × १६.२ ÷ ३० = ३२.४. कचराकुंडीच्या चालीने चालणार का सगळे? 😄

लंगडा अ‍ॅटलस
कचराकुंडीला इंजिन बदलून द्या, ३० टनांत जागा आहे.

रडारराणी
आले परत. अर्बनमेकबद्दल वाईट बोलायचं नाही हं, कंबर पूर्ण गोल फिरते त्याची.

गंजलेला
जॉयस्टिकवर फिरवून दाखवा!

तीनशेपाच
जॉयस्टिकचा वेगळा धागा काढा बुवा.