ऐंशीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन : आयुष्य खरंच वाढतं का?

दृष्टिसहायक
ऐंशीच्या पुढचा रुग्ण असला की नातेवाईक हमखास म्हणतात, "आता किती दिवस राहिलेत, कशाला डोळ्याला हात लावायचा?" त्यांना "ऑपरेशन झालेले जास्त जगतात" असं सांगावं का? तसे अभ्यास आहेत, पण त्यांच्यावर किती विसंबायचं? सध्याची केस : वय ८३, मधुमेह, ॲस्पिरिन आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू, दोन्हीकडे पिकत आलेला मोतीबिंदू, उजव्या डोळ्याने जेमतेम बोटं मोजता येतात.

आकडेमोड
सांगू नका. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधला अभ्यास २०१३ साली आला. मोतीबिंदूने नजर अधू झालेल्या ३५४ जणांत ऑपरेशन झालेल्यांचा मृत्यूचा धोका ४० टक्क्यांनी कमी निघाला, वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही. त्यानंतर अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या सुमारे ७४,००० मोतीबिंदू असलेल्या महिलांची पाहणी झाली. तिथे फरक थेट ६० टक्के! त्यातही कर्करोगाने, जंतुसंसर्गाने, फुप्फुसाच्या आजाराने होणारे मृत्यूसुद्धा कमी दिसले. भिंग बदलल्याने कर्करोग कसा थोपणार? म्हणजे मुळात टेबलापर्यंत पोचतो कोण, हा प्रश्न आहे. अंथरुणाला खिळलेल्या, दम लागणाऱ्या, सोबतीला कुणी नसलेल्या माणसाचं ऑपरेशन होत नाही आणि तोच आधी जातो. शिवाय ऑपरेशन व्हायला त्या तारखेपर्यंत जिवंत असावं लागतं. हा कालावधी नीट वजा केला नाही, तर फायदा फुगतो.

थिएटरवाला
आकडेमोड यांचं पटतं, पण सगळं झटकून टाकू नका. नॉटिंगहॅममध्ये सत्तरीपुढच्या ३०६ महिलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलं, उरलेल्यांना वर्षभर थांबवलं. लवकर झालेल्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. हाड मोडलं ४ जणींचं, थांबलेल्यांत १२ जणींचं. इथे धडधाकट माणसं निवडली गेली असं म्हणायची सोय नाही. म्हातारपणी खुबा मोडला की पुढचं वर्ष कसं जातं, हे वॉर्डात काम केलेल्याला सांगायला नको. मी नातेवाइकांना एवढंच विचारेन : रात्री बाथरूमला कोण नेतं?

आता तुमची केस. टॅमसुलोसिन आधी आठवडाभर बंद केलं तरी बुबुळाचा पडदा ढिला राहू शकतो, म्हणून बंद करण्यावर भिस्त नको. केसपेपरवर ठळक लिहा. माहीत असेल तर सर्जन बाहुली धरून ठेवायचे हुक आणि इंजेक्शन तयार ठेवतो. ऐनवेळी कळलं, तर बाहुली आकसते, पडदा छेदातून बाहेर येतो आणि भिंगाची मागची पिशवी फाटण्याची भीती वाढते. थेंबांच्या भुलीत ॲस्पिरिन सहसा बंद करावं लागत नाही. बाकी तपासण्यांचा ढीग नको : अमेरिकेत आणि कॅनडात सुमारे १९,००० ऑपरेशनांवर पाहिलं गेलं, सरसकट ईसीजी-रक्ततपासण्यांनी गुंतागुंत कमी झाली नाही. साखर आणि रक्तदाब मात्र बघाच.

खरी परीक्षा वेगळीच. पलंगावर सपाट निजवून २० मिनिटं घड्याळ लावा. खोकला येतो का, दम लागतो का, मान सरळ राहते का? हे ओपीडीतच कळलं, तर टेबलावर धावपळ होत नाही.

दृष्टिसहायक
आणि पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं का, असंही विचारतात.

थिएटरवाला
नाही. कडक बिंदू फोडायला फेकोची (ध्वनिलहरींनी बिंदू फोडायच्या यंत्राची) ऊर्जा जास्त लागते, पारपटल (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) सुजतं. फारच कडक असेल, तर लहान छेदाचं हाताने केलेलं ऑपरेशन बरं पडतं.

चष्माघर
एक गोष्ट सगळे विसरतात : दोन ऑपरेशनांच्या मधला काळ. एका डोळ्याला नवं भिंग, दुसऱ्याला जुना नंबर. नंबरातला फरक साधारण ३ डायॉप्टरच्या (चष्म्याच्या नंबराचं माप) पुढे गेला, की दोन्ही डोळ्यांतल्या प्रतिमा लहानमोठ्या दिसतात, पायरीचा अंदाज चुकतो. नजर सुधारूनही माणूस पडतो तो इथे. जुना चष्मा तसाच लावू देऊ नका. ऑपरेशन झालेल्या बाजूची काच बदलून घ्या आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख लांबवू नका. कायमचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढा. बायफोकल असेल, तर जिना उतरताना खालच्या वाचायच्या भागातून पायरी धूसर दिसते. अशांना चालण्यासाठी दूरचा चष्मा वेगळा द्या.

थेंबांच्या दोन बाटल्या असतील, तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला आणि नजर उतरली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, सकाळची वाट बघायची नाही.