चालती दुर्बीण बंद का केली?

धूमकेतू:
नासाने ३० जानेवारी २०२० रोजी स्पिट्झर ही अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणारी) अवकाश दुर्बीण कायमची बंद केली. बिघडली नव्हती, निरीक्षणं चालू होती. जेम्स वेब ही नवी अवरक्त दुर्बीण येणार म्हणून हिला निरोप, आणि वेब उडाली २५ डिसेंबर २०२१ला! मधली जवळपास दोन वर्षं तिच्या तोडीचं वर काहीच नव्हतं. ही निव्वळ घाई.

खगोलखुळा:
असहमत. ऑगस्ट २००३मध्ये अवकाशात गेली तेव्हा उपकरणं गार ठेवायला आत सुमारे ३६० लिटर द्रवरूप हीलियम होतं. ते मे २००९मध्ये संपलं आणि तीनपैकी दोन उपकरणं बाद झाली. पुढचं सगळं काम ३.६ आणि ४.५ मायक्रॉन तरंगलांबीच्या दोनच पट्ट्यांवर.

धूमकेतू:
त्याच दोन पट्ट्यांनी ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचे माहीत असलेले ग्रह तीनाचे सात केले ना? २०१६मध्ये जवळपास तीन आठवडे ती त्या एकाच ताऱ्यावर नजर लावून होती. जमिनीवरून उजाडलं की दुकान बंद.

शेंडेफळ:
आपल्याकडच्या खात्यात असती तर मुदतवाढ मिळाली असती :)

वायरमन:
मिळालीच होती, वेब लांबत गेली तशी. खरी अडचण अँटेनाची. स्पिट्झर पृथ्वीभोवती नाही, सूर्याभोवती फिरायची, पृथ्वीच्या मागून, आणि दरवर्षी आणखी मागे पडायची. कक्षा मुद्दामच तशी निवडलेली, पृथ्वीची ऊब लागू नये म्हणून. पण अँटेना बुडाशी पक्की बसवलेली, त्यामुळे माहिती पाठवायची तर अख्खं यान वळवायचं. अंतर वाढलं तशा सौरपट्ट्या सूर्यापासून जास्त तिरक्या व्हायला लागल्या आणि तेवढा वेळ बॅटरीवर काढायचा. शेवटी शेवटी एका वेळी जेमतेम अडीच तास! त्यासाठी सुरक्षेची काही स्वयंचलित बंधनंही बाजूला ठेवावी लागली.

धूमकेतू:
जोखीम कुणाच्या जिवाची? वर माणूस नव्हता. बॅटरी बसली असती तर बसली असती.

खगोलखुळा:
आणि खाली बसलेल्यांचे पगार? डीप स्पेस नेटवर्कच्या, म्हणजे दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या जाळ्याच्या, डिशांवरचा वेळ? दुर्बीण चालवायला खाजगी कुणी पुढे येतं का, हेही नासाने विचारून पाहिलं होतं. कुणी आलं नाही.

धूमकेतू:
म्हणजे प्रश्न पैशांचा, बॅटरीचं नाव पुढे. मग वेबचं काय? तिच्या मिरी या अवरक्त उपकरणाला गार ठेवणारं हीलियम बंद नळ्यांतून फिरतं, उडून जात नाही. एरियन-५ रॉकेटने इतकं नेमकं सोडलं की इंधनही वीस वर्षांहून जास्त पुरेल म्हणतात. तेवढी वर्षं पैसे कोण देणार, ते सांगा.